लिंबची बारामोटेची विहीर १६४१ची की १७१९ची?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर १७१९ ते १७२४ मधली आहे, १६४१ची नव्हे. तिथल्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ दिलाय. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पुष्कळ ठिकाणी शकच सन समजून छापलाय. शिवाय ती बांधवणाऱ्या वीरूबाई भोसले शाहू महाराजांच्या काळातल्या, आणि शाहूंचा साताऱ्यातला राज्याभिषेकच १७०८चा. वर बैलांनी मोटा ओढायच्या आणि त्याच बांधकामाच्या पोटात गारेगार महाल, ही सोय करणाऱ्याचं डोकं मानलं पाहिजे! फक्त हे पाणी ३०० झाडांच्या आमराईला जायचं म्हणतात, त्यातला आकडा ऐकीव धरा.