भावनिक शब्दांचा ईईजी प्रयोग: आधी यादी बघा

ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदणे. पण इलेक्ट्रोडची चिंता नंतर. पहिला प्रयोग बहुतेकदा शब्दांच्या यादीतच फसतो. 'भीती', 'द्वेष' यांच्यासमोर 'टेबल', 'खिडकी' ठेवलेत, तर दिसणारा फरक भावनेचा की मूर्त-अमूर्ताचा, हे सांगताच येणार नाही. प्रत्येक गटात निदान 40 शब्द घ्या. मूर्तता, वापराची वारंवारता आणि लांबी जुळवा. लांबी संगणकाकडून मोजून घेऊ नका: 'मृत्यू'त त्याला सहा चिन्हे दिसतात, वाचणाऱ्याला दोन अक्षरे. जोडाक्षरेही दोन्हीकडे सारखी हवीत.

सुखद-दुःखदपणा आणि उत्तेजना यांना 1 ते 9 गुण प्रयोगात भाग न घेणाऱ्या मराठीभाषकांकडून घ्या. इंग्रजी यादीचे गुण उचलणे हा निव्वळ आळस.

शब्द दिसल्यावर साधारण 200–300 मिलिसेकंदांत डोक्याच्या मागच्या बाजूला ऋण लहर शोधा, मग 400–800 दरम्यान डोक्याच्या वरच्या, मध्यापासून किंचित मागच्या भागावर धन लहर. दुसरी लहर कामावर बरीच अवलंबून असते. नुसता अक्षरांचा रंग ओळखायला लावलात तर ती फिकी पडू शकते, म्हणून अर्थाकडे लक्ष जाईल असे काम द्या. आणि अमिग्डलाबद्दल, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या भावनांशी निगडित भागाबद्दल, निष्कर्ष काढू नका. इतक्या खोलचा संकेत डोक्याच्या त्वचेवरून खात्रीने वेगळा करता येत नाही.