रोजगार हमीवर बांधलेलं हॉटेल

प्रश्न : मुलगा अमेरिकेत पोर्टलंडला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा माउंट हूड या डोंगरावरचं टिंबरलाइन लॉज बघून आलो. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारने ते बांधून घेतलं असं कळलं. माझ्या आईने ७२च्या दुष्काळात खडी फोडलीय, त्यामुळे दुष्काळी काम म्हटलं की पाझर तलाव नि रस्ते एवढंच डोक्यात येतं. तिथलं लाकूडकाम बघून विश्वासच बसेना. खरंच मजुरांनी केलंय का हे? आणि एवढ्या बर्फात टिकलं कसं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरंय. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात डब्ल्यूपीए नावाची योजना होती, १९३५ ते ४३, जवळपास ८५ लाख लोकांना तिने काम दिलं, त्यातलंच हे. जून १९३६ला सुरुवात झाली, सप्टेंबर १९३७ला रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आले, आणि फेब्रुवारी १९३८ला लोकांसाठी उघडलं. जागा सहा हजार फुटांवर, मजूर खाली तंबूत राहायचे, आणि जास्त लोकांना रोजगार मिळावा म्हणून माणसं आलटून पालटून घ्यायचे.

आता मजूर म्हणजे सगळेच घमेली उचलणारे नव्हते हो. मंदीत गवंडी, लोहार, सुतार पण घरी बसलेले, त्यांना तासाला ९० सेंट आणि बिनकसबी माणसाला ५५. खरी खुबी मला इथे वाटते, की कसबी माणसाला त्याचंच काम दिलं, लोहाराला खडी फोडायला नाही बसवलं.

पैसा मुख्यतः मजुरीवर जाणार, सामानाला हात आखडता, मग भंगार वापरलं. जिन्याच्या कठड्याचे खांब बघितलेत ना, ज्यांच्या डोक्यावर अस्वल, घुबड वगैरे कोरलंय? ते तारांचे जुने खांब आहेत. फायरप्लेसमध्ये लाकडं ठेवायचे लोखंडी घोडे रेल्वेच्या रुळांचे, पुढची जाळी टायरला लावायच्या साखळ्यांची. आणि खोल्यांतले गालिचे रोजगार छावण्यांमधल्या जुन्या युनिफॉर्म आणि ब्लँकेटच्या पट्ट्यांचे, म्हणजे आपली गोधडीच की! हे सगळं आतलं काम मार्जरी हॉफमन स्मिथ यांच्या देखरेखीखाली झालं, आणि विणकामाला बायका होत्या, त्याही योजनेतल्याच.

टिकलं कसं म्हणाल तर मध्ये टिकलं नव्हतंच. चालवणारे बदलत गेले, डागडुजी कोण करणार, १९५५ला बिल थकलं म्हणून वीज तोडली आणि लॉज बंद. त्याच वर्षी रिचर्ड कोनस्टॅम यांनी ते चालवायला घेतलं आणि रुळावर आणलं. मालकी मात्र आजही सरकारी वनखात्याची. पण इमारत उभी राहिली तरी कापड कुठून राहणार, लोक स्कीइंग करून ओल्या बुटांनी येतात, पडदे-गालिचे पार विरले. मग १९७५ला फ्रेंड्स ऑफ टिंबरलाइन ही संस्था निघाली आणि जुने नमुने बघून तेच कापड परत हाताने विणून घेतलं, गंमत म्हणजे तेव्हाही सरकारी रोजगार योजनेचाच पैसा कामी आला. १९७७ला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. काही लोकांना वाटतं जुनं ते काचेत ठेवावं, मला नाही पटत, गालिचा पायाखाली असला की झिजणार आणि झिजला तरच कुणीतरी तो विणायला शिकणार. अर्थात धोका असतोच, एप्रिल २०२४मध्ये छताला आग लागली, पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं, पण वास्तू वाचली.

प्रश्न : आपल्या देशात आहे का असं काही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लखनौचा बडा इमामबाडा. १७८४च्या आसपास दुष्काळ पडला म्हणून नवाब आसफउद्दौलाने काम काढलं. मधला हॉल साधारण ५० मीटर लांब आणि छताला एकही तुळई नाही. दिवसा बांधलेलं उमराव लोक रात्री पाडायचे, म्हणजे काम संपू नये, असं गाईड रंगवून सांगतात, ती आख्यायिका म्हणून ऐका. पण बघायला गेलात तर भुलभुलैयाकडे पळायच्या आधी भिंतींच्या पातळ लखौरी विटा आणि चुन्याचा गिलावा जवळून बघा, आणि कुठे सिमेंटचं ठिगळ दिसतंय का तेही, कारण चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावलं की ओल आत अडकते आणि आजूबाजूचा चुनाच भुगा होऊन गळायला लागतो.