गाडी घेण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या

इंदूरच्या राजेंद्रनगरहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४३, नोकरी पिथमपूरच्या कारखान्यात, सौ. शाळेत शिकवतात, मुलगी नववीत, आई सोबत राहतात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ३५ हजार. घर स्वतःचं, त्याचा हप्ता २१ हजार, अजून सहा वर्षं. एफडीत ८ लाख, महिन्याची एसआयपी १५ हजार. २०१२ सालची पेट्रोल वॅगन-आर पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची होतेय. ते लिहितात: "आता घ्यायची ती प्रदूषण कमी करणारीच, असं घरात ठरलं आहे. मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही ऑन-रोड साडेएकोणीस लाखांना पडते. साडेचार लाख भरून १५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढू आणि तेवढी वर्षं एसआयपी थांबवू. वर्षातून दोनदा पुण्याला जाणं होतं, आईला उंच सीट लागते. हा निर्णय बरोबर आहे ना?"

तुमच्या घरात हा विचार आला आणि चौघांनी बसून ठरवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तो विचार धरूनच सांगतो: मोठी एसयूव्ही घेऊ नका. खिशासाठी नको आणि ज्या हवेसाठी घेताय तिच्यासाठीही नको.

आधी हवेचं बघू. पिथमपूरचं रोजचं जाणं-येणं ४४ किलोमीटर, वरचं शहरातलं आणि उज्जैन-ओंकारेश्वर धरून तुम्ही वर्षाला १४ हजार किलोमीटर लिहिलेत. तुमची वॅगन-आर १६ चं ॲव्हरेज देते, म्हणजे वर्षाला ८७५ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाचे झाले २,०१२ किलो. आता मोठी इलेक्ट्रिक. शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून १८ युनिट लागतील, वर्षाला २,५२० युनिट. आपल्या देशातली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार करा: १,७६४ किलो. एकोणीस लाख खर्चून जुन्या पेट्रोल गाडीपेक्षा वर्षाला अडीचशे किलोही कमी नाही. शिवाय बॅटरी बनवतानाच तिच्या एकेका किलोवॅट-तास (म्हणजे एक युनिट) क्षमतेमागे ६० ते १०० किलो निघालेले असतात. मोठ्या गाडीच्या ४५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीला पावणेतीन ते साडेचार टन. वीज दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होतेय, त्यामुळे हे अंतर वाढत जाईल, तरी बॅटरीचं ओझं फिटायला फार वर्षं जातील. (रिफायनरी, कोळशाची खाण, तारांमधली गळती हे मी दोन्हीकडे सोडलंय; धरलं तर दोन्ही आकडे फुगतात.)

लहान इलेक्ट्रिक घेतली, २४ किलोवॅट-तासाची, तर शंभर किलोमीटरला १४ युनिट पुरतात. वर्षाचे १,९६० युनिट आणि १,३७२ किलो. बॅटरीचं ओझंही जवळजवळ निम्मं. राऊपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबत-चालत जाते तिथे तर पेट्रोल गाडी नुसती तेल पिते, आणि इलेक्ट्रिक ब्रेक मारताना थोडी वीज परत भरून घेते. गाडीचं वजन आणि आकार कमी ठेवणं हेच निम्मं काम आहे.

आणि आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. तुमचं बिल दरमहा ३३० युनिटांच्या घरात येतं आणि गच्ची मोकळी आहे, असं तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात. त्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसलं, तर वर्षाला ४,३०० युनिटांच्या आसपास वीज तयार होईल. ०.७ नं गुणलं की तीन टन. लहान इलेक्ट्रिकनं वर्षाला वाचतात ६४० किलो, गच्चीनं ३,००० किलो! तुम्हाला मिळालेलं कोटेशन १ लाख ९० हजारांचं आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, म्हणजे पदरचे गेले १ लाख १२ हजार. युनिट सावधपणे ७ रुपये धरला तरी वर्षाला ३० हजार वाचतात. चार वर्षांच्या आत पैसे वसूल, पुढे वीस वर्षं पॅनल चालतात. माझ्या कामात इतका सरळ हिशेब क्वचित दिसतो.

आपल्या महापालिकेनंही हेच केलं. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून इंदुरात आणायचं, त्याचं विजेचं बिल अवाढव्य. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

एक शंका तुम्हाला येईल: दिवसा गाडी पिथमपूरला, सोलर घरी, मग चार्जिंग तर रात्री कोळशाच्याच विजेवर? खरं आहे. पण दिवसा तुमच्या पॅनलनं जेवढी वीज लाईनमध्ये सोडली तेवढी कुठल्या तरी औष्णिक केंद्राला बनवावी लागली नाही, आणि नेट मीटर तुमच्या बिलात ती वळती करून देतो. हिशेब वर्षाच्या शेवटी जुळतो.

आता खिसा. १५ लाख, सात वर्षं, ९ टक्के: हप्ता २४,१३४, नुसतं व्याज सव्वापाच लाखांहून जास्त. घराचा हप्ता धरून ४५ हजार, पगाराचा तिसरा हिस्सा. आणि एसआयपी बंद. मला सर्वात जास्त खटकली ती ही गोष्ट. मुलगी चार वर्षांनी कॉलेजला जाईल. १५ हजारांची एसआयपी चार वर्षं चालू राहिली आणि सरासरी १० टक्के मिळाले, तर पावणेनऊ लाखांच्या आसपास जमतात. बाजाराची हमी कोणी देत नाही, पण बंद केलेल्या एसआयपीतून काहीच जमत नाही हे नक्की. तिच्या फीच्या वेळी तुम्ही शैक्षणिक कर्ज काढाल आणि गाडीचे अजून तीन वर्षांचे हप्ते बाकी असतील.

लहान इलेक्ट्रिकचं तुम्हाला मिळालेलं कोटेशन १० लाख ८० हजार. ३ लाख ८० हजार भरा, ७ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी, हप्ता १४,५३१. आज पेट्रोलला १०७ रुपयांनी महिन्याला ७,८०० जातात, त्याजागी विजेला १,३०० जातील. म्हणजे घरावर खरा बोजा आठ हजारांचा. एसआयपीला हात लावायची गरज नाही. एफडीत सोलरनंतर आणि अनुदान आल्यावर तीन लाख उरतात. ते आजारपणासाठी आणि नोकरीच्या खाचखळग्यांसाठी आहेत, त्याखाली जाऊ नका.

सीएनजीचं तुम्ही विचारलंत, आणि "आपल्याकडे तर कचऱ्यापासून गॅस बनतो" असंही लिहिलंत. देवगुराडियाचा तो प्रकल्प खराच अभिमानाचा आहे: रोज ५५० टन ओला कचरा, १७ हजार किलो गॅस. पण करारानुसार त्यातला किमान अर्धा महापालिका शहर बससाठी घेते. तुमच्या पंपावर भरला जाणारा गॅस मुख्यतः जमिनीतून काढलेलाच. २४ च्या ॲव्हरेजनं वर्षाला ५८३ किलो लागतील, म्हणजे दीड टनावर कार्बन डायऑक्साइड. वाईट नाही, लहान इलेक्ट्रिकपेक्षा जास्त. गाडी २ लाख ४० हजारांनी स्वस्त, पण तुम्ही कळवलेल्या ९५ रुपये दरानं इंधनाला वर्षाला ४० हजार जास्त जातील. सहा वर्षांत बरोबरी. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, तेव्हा ही सहा वर्षं वॉरंटीच्या आतच येतात. हायब्रिड तुमच्या वापराला महाग पडेल, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

शोरूममध्ये तुम्हाला व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत सांगितली गेली, ती हिशेबातून काढून टाका. आयकराच्या कलम ८० ईईबीची ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आजच्या कर्जाला ती लागू नाही.

राहिलं पुणं. दोन गाड्यांमधला फरक ८ लाख ७० हजार. दहा वर्षांत वीस फेऱ्या, फेरीमागे साडेत्रेचाळीस हजार पडले. तेवढ्यात चौघांची सेकंड एसीची जाण्या-येण्याची तिकिटं आणि पुण्यात आठवडाभर टॅक्सी होऊन पैसे उरतात. आजवर तुम्ही रेल्वेनंच जात होता, तसंच जा. उज्जैनला जाऊन येणं एका चार्जमध्ये होतं. ओंकारेश्वरला वाटेत घाट आहे, तिथे तेवढी चार्जिंगची सोय आधी बघून निघा.

आईंसाठी गाडी मोठी असावी लागत नाही, सीट गुडघ्याच्या उंचीला यावी लागते. त्यांना शोरूममध्ये घेऊन जा, काठीसह. दार किती उघडतं, काठी टेकवून वळता येतं का, उतरताना हाताला धरायला काय आहे, हे त्यांनाच करून बघू द्या. दोन-तीनदा बसू-उतरू द्या.

एक काळजी मात्र घ्या. लोकमान्यनगरला एका घरी मी गेलो होतो, त्यांनी पोर्चमधल्या साध्या सॉकेटवर गाडी लावली होती. तीन महिन्यांत सॉकेट मधोमध काळं पडलं, प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. थोडक्यात निभावलं. मीटरपासून वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग मीटर लावून तपासून घेणं, एवढं इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून करून घ्या. रोजच्या ४४ किलोमीटरला सहा-साडेसहा युनिट लागतात, दोन-तीन तासांत होऊन जातं.

क्रम असा ठेवा: सोलरचा अर्ज या महिन्यात, गाडी दिवाळीनंतर. अनुदानासाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचे लागतात आणि वेंडर योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला लागतो, हे कोटेशनवर लिहून घ्या. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठवर येते ते एकदा गच्चीवर खडूनं आखून बघा. आणि बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते मला कळवा. ३ किलोवॅटपेक्षा कमी असेल तरी अडून राहू नका, सोलरच्या अर्जावरच वीज कंपनी तो लागेल तेवढा वाढवून देते.