लेकीला विजेचा झटका देणार आहेत, तिला अडवू का?

ताई,

सातारच्या पोलीस लाईनीत माझं लहानपण गेलं. आण्णा हवालदार होते. गणपतीच्या बंदोबस्ताला गेले की दोन दोन दिवस घरी यायचे नाहीत. आले की पट्टा खुंटीला अडकवायचे, बूट काढायचे आणि कुणाशी काही न बोलता झोपायचे. आई रात्रभर जागी असायची, पण तिनेही कधी काही विचारलं नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपल्या घरात पुन्हा वर्दी नको.

लग्नानंतर आम्ही अमेरिकेत आलो, टेक्सासमध्ये, डॅलसच्या जवळ. एकुलती एक मुलगी इथेच वाढली आणि आता चोविसाव्या वर्षी पोलीस अकॅडमीत आहे. मागच्या महिन्यात तिच्या बॅचच्या तोंडावर पेपर स्प्रे मारला. घरी आली तर डोळे सुजून लाल. मी गार दूध लावलं, पापण्यांवर तूप चोळलं, तशी ती आणखीच कळवळली. तिने दिराच्या मुलाला पाठवलेला तो व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. आता पुढच्या आठवड्यात टेसर आहे, म्हणजे पोलिसांच्या त्या विजेच्या बंदुकीचा झटका. म्हणते, "आई, फक्त पाच सेकंद." शाळेत व्हॉलीबॉल खेळताना तिच्या पाठीला लागलं होतं, कित्येक दिवस झोपून होती. नेटवर बघते तर टेसरने माणसं मेल्याच्या बातम्या. हे म्हणतात, तू तिचं मन कच्चं करू नकोस. तिला नकार द्यायला सांगू का? ट्रेनरला फोन करू का? पास होताना बॅज आईनेच लावावा असं तिला वाटतं. माझी जायचीच इच्छा होत नाही.

– झोप उडालेली आई

*

ट्रेनरला फोन करू नका, हे आधी सांगते. चोविसाव्या वर्षी नव्या नोकरीत आईने साहेबांना फोन केला, ही गोष्ट बॅचमध्ये पसरायला एक दुपार पुरते आणि पुसायला वर्षं लागतात. फोन करायलाच हवा, पण तो तिने, आणि डॉक्टरांना. कारण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खरोखर महत्त्वाची वाटली: तिची पाठ.

टेसरमधून तारा लावलेले दोन बारीक काटे सुटतात. ते अंगात किंवा कपड्यात रुतले की तारांमधून विजेचे भराभर ठोके येतात आणि दोन काट्यांच्या मधले स्नायू गच्च आवळले जातात. कितीही ठरवलं तरी माणसाला हात उचलता येत नाही. एकदा ट्रिगर दाबला की हे पाच सेकंद चालतं आणि थांबलं की अंग लगेच ताब्यात येतं. 50,000 व्होल्ट हा आकडा तुम्हीही वाचला असेल. तो दाब काटा आणि कातडी यांच्यामधली हवेची फट ओलांडण्यासाठी असतो, अंगातून जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो. प्रशिक्षणात तर बऱ्याच ठिकाणी काटे मारतही नाहीत, तारांना चिमटे लावून ते पाठीवर नि पायावर कपड्यांना अडकवतात. दोघे जण दोन्ही बाजूंनी दंड धरून उभे असतात आणि झटका बसताच तिला अलगद गादीवर पालथं घालतात. या प्रकारात पडून लागण्याचीच भीती मोठी, म्हणून एवढी तयारी.

मात्र स्नायू इतक्या जोराने आवळतात की तो दाब मणक्यावर येऊ शकतो. प्रशिक्षणात झटका घेताना पोलिसाच्या पाठीचा मणका दबून मोडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. ॲरिझोनात एका शेरिफ डेप्युटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलिसाला, 2002 साली हेच झालं. त्याची हाडं ठिसूळ होती हे त्यानंतर कळलं. त्याने टेसर बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि तो हरला. असं क्वचितच होतं. पण तुमच्या मुलीच्या पाठीला पूर्वी दुखापत झालेली आहे, म्हणून तिच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांपुढे जायलाच हवा. जुने एक्स-रे असतील तर काढून ठेवा. टेसर बनवणारी कंपनी वापराच्या प्रमाणपत्रासाठी झटका घ्यायची सक्ती करत नाही. सक्ती असली तर ती त्या त्या खात्याची असते, आणि डॉक्टरांनी लेखी दिलं तर त्यातून वाट निघू शकते. तेव्हा "नाही म्हण" असं तिला सांगू नका. "पाठीचं डॉक्टरांना विचारलंस का? फॉर्मवर लिहिलंस का?" एवढंच विचारा. डॉक्टर हो म्हणाले आणि ती तयार असेल, तर मग तो तिचा निर्णय. तुम्ही त्यात पडू नका.

आता मृत्यूच्या बातम्यांचं. त्या खोट्या नाहीत. रॉयटर्स वृत्तसंस्थेने 2017 साली केलेल्या पाहणीत, पोलिसांनी टेसर वापरल्यानंतर माणूस दगावल्याच्या 1,000 हून जास्त घटना अमेरिकेत सापडल्या. प्रत्येक मृत्यू टेसरमुळेच झाला असा त्याचा अर्थ नाही. कुणाला आधीपासून हृदयविकार होता, कुणी नशेत होता, कुणाला पुन्हा पुन्हा झटके दिले होते, कुणी उंचावरून पडला. खुद्द कंपनीने 2009 साली पोलिसांना छातीवर नेम धरणं टाळायला सांगितलं. धडधाकट मुलीला गादीवर, पाठीच्या बाजूने, एकदाच दिलेला पाच सेकंदांचा झटका आणि रस्त्यावरची ती झटापट यांत फार अंतर आहे. रात्री दोन वाजता मोबाईलवर या बातम्या वाचत बसणं थांबवा. त्यातून तुमच्या लेकीबद्दल तुम्हाला काहीही कळणार नाही.

तुमचे यजमान म्हणतात तसं हे सगळं मन घट्ट करण्यासाठी असतं का? थोडंफार. पेपर स्प्रेचा सराव मला स्वतःला पटतो. वारा फिरला किंवा अंगाला अंग भिडलं की फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर येतो, आणि तेव्हा डोळे मिटलेले असताना कमरेचं पिस्तूल कुणी ओढू नये, वायरलेसवर मदत मागता यावी, हे आधी करून पाहिलेलंच बरं. म्हणूनच बहुतेक ठिकाणी फवारा मारून सोडून देत नाहीत, त्या अवस्थेत झटापट करायला लावतात, बेड्या घालायला लावतात. बंद जागेत त्याचं काय होतं ते आपण दिल्लीत पाहिलंय. 13 फेब्रुवारी 2014 ला लोकसभेत एका खासदाराने तो फवारला तेव्हा खोकत, डोळे पुसत खासदार बाहेर पळाले आणि काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. टेसरच्या झटक्याबद्दल मात्र माझं मत एवढं पक्कं नाही. समोरच्याला काय होतं ते कळावं, कोर्टात ते सांगता यावं, हातात आलेलं साधन सहज उगारलं जाऊ नये, अशी कारणं देतात. ती खोटी नाहीत. पण झटका न घेताही माणूस हे शिकू शकतो. म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं तर तुमची मुलगी कुणापेक्षा कमी ठरत नाही, हे तिला घरातून ऐकू येऊ द्या, आणि शक्यतो तिच्या बाबांच्या तोंडून.

त्या रात्री तुम्ही दूध नि तूप लावलंत. माया होती, पण तूप पुन्हा लावू नका. पेपर स्प्रेमध्ये मिरचीचाच अर्क असतो आणि तो तेलकट असतो. मिरची कापलेला हात नुसत्या पाण्याने धुऊन डोळ्याला लावल्यावर जे होतं, तेच इथे कित्येक पटींनी होतं. वरून तूप चोळलं की तो अर्क कातडीवर पसरतो आणि तिथेच राहतो. दुधाने अपाय होत नाही, पण फार उपायही होत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रशिक्षणातल्या पोलिसांवरच दूध, बेबी शाम्पू, बधिर करणारं जेल, पोटातल्या आम्लावरचं औषध आणि साधं पाणी असे पाच उपाय करून पाहिले. कुठलाही दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. वेळ गेला तसं दुखणं ओसरलं.

पुढे नोकरीतही ती कधीमधी हा वास घेऊन घरी येणार आहे. कपडे गॅरेजमध्येच पिशवीत भरायला सांगा आणि बाकीच्या धुण्यात मिसळू नका, नाहीतर तुम्हालाही ठसका लागेल. डोळे चोळायचे नाहीत. भरपूर गार पाण्याने धुवायचे आणि पंख्यासमोर बसायचं. केस धुताना डोकं पुढे वाकवायचं, म्हणजे केसांतला अर्क अंगावर ओघळत नाही. रात्री गरम पाण्याने अंघोळ केली की सगळी आग परत सुरू होते, हे नव्या मुलांना बहुधा स्वतःवरूनच कळतं. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी घालायच्याच नाहीत. श्वास नीट घेता येत नसेल, किंवा काही तासांनंतरही नीट दिसत नसेल, तर थेट डॉक्टर.

तो व्हिडिओ आजच ग्रुपवरून काढायला लावा. अकॅडमीतली मुलं हे व्हिडिओ आपापसांत दाखवून हसतात, कारण त्या रांगेत सगळेच उभे होते आणि सगळेच ओरडले होते. ते हसणं त्यांचं आहे. ज्यांनी फवाऱ्याचा एक थेंब अंगावर घेतला नाही अशा काका, मामा, आत्यांनी नाकातोंडातून पाणी गळणाऱ्या पोरीवर हसावं, यात मला काहीही गंमत दिसत नाही. तिने तो एका चुलतभावाला विश्वासाने पाठवला होता. तिला आधी विचारा. ती "राहू दे" म्हणाली तर तिची मर्जी. नाहीतर तिच्या बाबांनी ग्रुपवर दोन ओळींत सांगावं की हा व्हिडिओ तिला न विचारता टाकला गेला, काढून टाका. तुम्ही सांगितलंत तर "वहिनी फार मनाला लावून घेतात" होईल. बाप बोलला की विषय मिटेल.

आता तुमच्या झोपेबद्दल. तुमच्या पत्रातली पहिली ओळ टेसरची नाही, साताऱ्याची आहे. आण्णा बोलले नाहीत, आईने विचारलं नाही आणि तुम्ही पडल्या पडल्या दाराच्या कडीचा आवाज ऐकत राहिलात. तेच घर आता डॅलसला उभं राहील याची तुम्हाला धास्ती आहे. पण तुमची लेक आण्णांसारखी नाही. ती घरी येऊन सांगते, व्हिडिओ दाखवते, पाच सेकंद म्हणून समजूत घालते. ती बोलते आहे तोवर तुम्ही ऐकलं पाहिजे. तिने तोंड उघडलं की तुमच्या डोळ्यांना पाणी आलं, असं चार वेळा झालं, तर पाचव्या वेळी ती सांगणार नाही. आईला त्रास नको म्हणून तीही पट्टा अडकवून झोपून जाईल.

तिला तिच्या कामाचं विचारा. "दुखलं का गं?" एवढ्यावर थांबू नका. एक प्रश्न सुचवते: "टेसर कमरेच्या कुठल्या बाजूला लावतेस आणि पिस्तूल कुठल्या?" 11 एप्रिल 2021 ला मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटर गावात 26 वर्षं नोकरी झालेल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्याने "टेसर, टेसर" असं ओरडत हातातलं पिस्तूल चालवलं. डाँटे राइट नावाचा 20 वर्षांचा तरुण त्यात गेला. डिसेंबरमध्ये ज्युरीने तिला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. टेसर एका बाजूला, पिस्तूल दुसऱ्या बाजूला, आणि हाताला ती सवय लागेपर्यंत सराव करायचा, हे सगळं एवढ्यासाठी. तुमच्या मुलीला झटका कसा वाटतो यापेक्षा, गोंधळात तिचा हात कुठे जातो, ही मला मोठी काळजी वाटते. तिलाही ती वाटत असणार. हे विचारलंत तर ती तुम्हाला स्वयंपाकघरात उभं राहून दाखवेल. बघा. समोरच्या माणसाचं काय होतं हेही विचारा: कधी वापरायचा नाही, काटे कोण काढतं, नंतर दवाखान्यात कोण नेतं. पोलिसाच्या घरात या गोष्टी बोलल्या गेल्या तर त्याचा फायदा रस्त्यावरच्या माणसालाही होतो.

आणि तिला आण्णांबद्दल सांगा. तुम्ही आजवर फारसं सांगितलं नसणार असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. त्यांचा बंदोबस्त, बदल्या, ते न बोलणं, आणि तुम्ही तेव्हाच ठरवलेलं "वर्दी नको" हेसुद्धा. तुमची भीती तिच्या टेसरपेक्षा खूप जुनी आहे, हे कळलं तर ती स्वतःला त्यासाठी जबाबदार धरणार नाही.

अकॅडमी किंवा खातं घरच्यांसाठी माहितीचा दिवस ठेवतं का ते तिला विचारा. बऱ्याच ठिकाणी असतो. तिथे जा, दुसऱ्या आया आणि नवरे भेटतील. पोलिसांच्या मानसिक आरोग्यासाठी अमेरिकेत जानेवारी 2018 मध्ये कायदाही झाला आणि अनेक खात्यांत सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार द्यायची सोय असते. ती कुठे आहे, घरच्यांना वापरता येते का, हे आत्ताच विचारून ठेवा. गरज पडल्यावर शोधायला कुणाला सुचत नाही.

बॅज लावायला जा. तुम्हाला ही नोकरी आवडली पाहिजे अशी अट तिने घातलेली नाही. आई हवी एवढंच म्हणाली आहे. आतून धास्ती असली तरी जा, तिथे रडू आलं तरी चालेल, आणि संध्याकाळी तिला सरळ सांगा की मला अजून भीती वाटते, पण मी येत राहीन. टेसरच्या दिवशी सकाळी नीट खाऊन जाऊ दे, रात्री स्नायू दुखतील तेव्हा पाठ शेकून द्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. आणि तिची पहिली रात्रपाळी लागली की पुन्हा लिहा, कारण झोपेचा खरा प्रश्न तेव्हा येणार आहे आणि त्यावर आपल्याला सविस्तर बोलावं लागेल.