अंगावर पाजतेय, पाळी नाही, तरी दिवस जातात का?

प्रश्न: माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पाजते. बाळंतपणानंतर पाळी आलेली नाही. मिस्टर फौजेत आहेत. महिनाभर सुट्टी काढून दोन आठवड्यांपूर्वी परत गेले. काही वापरलं नव्हतं. सासूबाई म्हणतात, पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत. खरं का?
– एक वाचक, कोरेगाव तालुका, सातारा

ताई, सासूबाई सांगतात ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळापुरतं खरं. तेही पाळी आलेली नसेल आणि बाळ रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर असेल तरच. तुमचं बाळ आठ महिन्यांचं, म्हणजे उष्टावण झालेलं असणार. पेज, मऊ भात सुरू झाला की पाजणं कमी होतं आणि स्त्रीबीज पुन्हा सुटू लागतं. ते पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आतच दिवस जाऊ शकतात, आणि पाळी नव्हतीच म्हणून ते बाईच्या लवकर लक्षातही येत नाही.

शेवटच्या संबंधाला 21 दिवस झाले, म्हणजे अजून आठवड्याभराने, सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. घाईने केलीत तर दिवस असूनही एकच रेघ येते. किट आशाताईंकडे मागा. दोन रेघा आल्या आणि मूल आत्ता नको असेल, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या मात्र आणू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी पडत नाही आणि जिवावर बेतू शकतं.

एकच रेघ आली तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता सोय करा. मिस्टर वर्षातून थोडेच दिवस घरी असतात, म्हणून माझं मत तांबीला (कॉपर-टी, दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती). सरकारी दवाखान्यात ती मोफत बसते, प्रकारानुसार 5 किंवा 10 वर्षं चालते, दूध कमी होत नाही, आणि काढली की दिवस राहू शकतात. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात कळा येतात. अंगात रक्त कमी असेल तर आधी तपासून घ्या. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी असतं, पण ते थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. छाया गोळीही पाजणाऱ्या आईला चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, मग एकदा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

तांबी बसवायला पाळी यायची वाट पाहावी लागत नाही. दिवस नाहीत एवढं पक्कं हवं. बसवल्यावर सहा आठवड्यांनी एकदा दाखवून या.