आजीला नुसतं 'तब्येत कशी आहे' विचारू नको

बाबू,

तुझा मेसेज रात्रीच वाचला पण मोबाईलवर एवढं टाइप करायला मला वेळ लागते, म्हणून आज दुपारी सपरीत बसून लिहून राहिली. तू म्हणतो, दर रविवारी पुण्याहून फोन करतो, दर वेळी विचारतो आजी तब्येत कशी आहे, ती म्हणते बरं आहे, अन् एक दिवस एकदम खुब्याचं हाड मोडल्याचा फोन येते, मग मला आधी काहीच काऊन नाही कळलं. तुला लय लागलं आहे ते दिसते. तिची माझी या गावात सुना होऊन आल्यापासूनची सोबत आहे, अन् माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली, म्हणून जे मला ठाऊक आहे ते तुला सरळ सांगते.

पहिले तुझ्या आईचं. तू फोनवर तिला म्हणाला ना, तुमचं लक्ष कुठं होतं? तसं पुन्हा म्हणू नको. त्या दिवशी पहाटे तुझी आजी न्हाणीत ओल्या फरशीवर लुगड्यात पाय अडकून पडली, तेव्हा आम्ही चार बाया धावून गेलो. एक म्हणे तेल लावून चोळा, एक म्हणे बाजूच्या गावात हाड बसवणारा आहे त्याला आणा. तुझ्या आईनं पाहिलं की पाय बाहेरच्या बाजूला वळला आहे अन् दुसऱ्या पायापेक्षा आखूड दिसते, तिनं कोणाला हात लावू दिला नाही, पाय सरळ करू दिला नाही, चोळू दिलं नाही, अन् 108 ला फोन लावला. यवतमाळला नेईपर्यंत तशीच आडवी ठेवली. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की एकदोन दिवसांत ऑपरेशन झालेलं चांगलं, जितका उशीर तितकं माणूस अंथरुणाला खिळते, छातीत कफ भरते, पाठीला जखमा होतात. तिचं वेळेवर झालं ते तुझ्या आईमुळं. ती माय सकाळी डबा बांधून दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, संध्याकाळी येऊन पुन्हा चूल. तिला विचार, तू जेवली का. आधी तिला फोन कर, मग पुढचं वाच.

आता म्हातारी माणसं काऊन सांगत नाहीत ते. आम्ही दुखणं लपवतो ते खोटं बोलायची हौस म्हणून नाही. डोक्यात हिशोब चालू असते बाबू. मी दवाखान्यात जातो म्हटलं की कोणीतरी सोबत पाहिजे, म्हणजे सुनेची मजुरी बुडाली, वेचणीचे दिवस, पऱ्हाटीला बोंडं फुटून राहिलेली, वर गाडीभाडं, तपासण्या, औषधं. लेकावर सोसायटीचं कर्ज आहे हे आम्हाला माहीत असते. नातू पुण्यात, त्याची नोकरी नवी, त्याच्या जिवाला घोर नको. अन् मोठी भीती वेगळीच असते, की एकदा का घरानं आपल्याला आजारी ठरवलं की उठू नको, बसून राहा, चुलीजवळ येऊ नको सुरू होते, मग त्या घरात आपलं काम काय उरलं? तुझी आजी पडायच्या आधीपर्यंत तूर पाखडायला बसत होती ते कोणी सांगितलं म्हणून नाही. ते काम तिच्याकडून काढून घेतलं तर ती खरीच आजारी पडेल.

म्हणून तिला तब्येत विचारू नको, दिवस विचार. सकाळी किती वाजता उठली, उठल्यावर भिंत धरावी लागली का? बाजेवरून उठताना डोळ्यापुढं अंधारी येते का? बीपीच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाला झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते अन् पडायचं ते एक मोठं कारण आहे, डॉक्टरला सांगितलं तर गोळी बदलून किंवा कमी करून देतात. पण आधी कोणीतरी विचारलं पाहिजे ना. आपल्या मनानं मात्र गोळी बंद नाही करायची. आपल्या गावात निम्म्या बाया डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी सोडतात, आणि पुढं एखाद्या दिवशी तोंड वाकडं होते, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळते. असं कोणाचंही दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून किती वाजता सुरू झालं ते ध्यानात ठेवून सरळ मोठा दवाखाना, ही गोष्ट तुझ्या बाबालाही सांगून ठेव.

आणखी एक विचारजो, हे कोणी विचारत नाही. संध्याकाळी पाणी पिते का? रात्री उठून अंगणातल्या संडासात जावं लागू नये, अंधारात पायाखाली इचूकाटा नको, म्हणून आम्ही बाया दिवस मावळला की पाणी बंद करतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, त्यात म्हातारपणी तहानही कमी लागते, मग लघवीला जळजळ, इन्फेक्शन, अन् म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप न येता सरळ भ्रमच होते. मागच्या उन्हाळ्यात ती दोन दिवस मेलेल्या नणदेला हाका मारत होती, घरचे म्हणत होते वय झालं आता. मी म्हटलं लघवी तपासा. तपासली, औषध मिळालं, चार दिवसांत ती माणसात आली. तिला पाणी पी पी म्हणून काही होत नाही, संडासापर्यंत लाइट लावून दिला अन् रात्री बाजेजवळ भांडं ठेवलं तर ती आपोआप पाणी पिते.

पायही पाहत जा. शुगर जुनी आहे तिची, तळपायाला लागलेलं कळत नाही, वावरात अनवाणी जाते, काटा मोडून पिकून जाते तरी पत्ता नसते. व्हिडिओ कॉलवर तोंड पाहतो तसा एक डाव म्हण, आजी पाय दाखव. हसेल, शिव्या देईल, पण दाखवेल. आणि उपासाच्या दिवशी शुगरची गोळी घेऊन नुसता चहा पिऊन राहते का ते विचार. घाम सुटला, हात थरथरले, बोलणं विचित्र झालं तर शुद्धीत असेपर्यंत साखरपाणी द्यायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. गुडघे दुखतात म्हणून किराणा दुकानातून दुखायची गोळी आणून ती रोज खाते हे मी डोळ्यानं पाहिलं आहे, त्या गोळ्यांनी शुगरबीपीच्या माणसाची किडनी खराब होऊ शकते. तू आला की तिच्या उशीखाली पाहजो. रागावू नको, डॉक्टरला दाखव अन् गुडघ्याला चालेल असं दुसरं काही मागून घे.

आता दवाखान्यातलं. ऑपरेशन झालं आहे, आता एकदोन दिवस ती काहीबाही बोलेल, तुला ओळखणारही नाही कदाचित, रडत नको बसू, म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर होते तसं, पण नर्सला नक्की सांग, तिचा चष्मा तिच्या डोळ्यावर ठेव अन् ओळखीचा माणूस जवळ राहू दे. आराम कर आराम कर कोणी म्हणू नका. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी वॉकर धरून उभं करा, दुखेल, ती बोंबलेल, तरी करा. जोपर्यंत झोपून आहे तोपर्यंत दर दोन तासांनी कूस बदला. खायला पातळ वरणाचं पाणी नको, घट्ट वरण, अंडं, दूध, खाऊ शकली तर ज्वारीची भाकर दुधात कुस्करून. घरी यायच्या आधी न्हाणीत धरायला लोखंडी दांडा बसवून घे अन् फरशी खरबडीत करून घे, गावात मिस्त्री आहे, एका दिवसाचं काम. तिची बाज झोळ पडलेली आहे, तिच्यातून चांगल्या माणसाला उठता येत नाही, घट्ट विणून घे नाहीतर उंच दिवाण बनव. लुगडं तिला सोडवू नको, घोट्याच्या वर नेसायला सांग.

खर्चाचं म्हणशील तर तिचं वय 70 च्या वर आहे, 2024 पासून 70 च्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मानचं कार्ड मिळते, वर्षाला 5 लाखांपर्यंत. तिचं काढलंच नाही अजून, कारण अंगठा लागत नाही. जन्मभर निंदण-वेचण करून बोटाच्या रेषा घासल्या. केंद्रावर डोळ्यानं किंवा चेहऱ्यानं होते का ते स्वतः बसून विचार, तिला एकटीला पाठवलं की ते उद्या या म्हणतात अन् ती उद्या जात नाही. तोपर्यंत बिलावरून तुझ्या बाबात अन् काकात बोलाचाली सुरू झालीच आहे, मला भिंतीपलीकडून ऐकू येते. तू त्यात कोणाची बाजू घेऊ नको, एका वहीत कोणी किती दिले ते लिहून दोघांपुढं ठेव, अन् हे सगळं तिच्या खोलीत नाही, बाहेर बोला. आपल्या दुखण्यावरून लेकरं भांडलेली ऐकली की म्हातारी पुढच्या खेपेला पडली तरी सांगणार नाही.

शनिवारी येऊन राहिला ना? रात्रीची गाडी धरू नको, दिवसा ये. तुझ्या आईला दोन दिवस पुरती झोप मिळेल असं पाहा, तेवढे दिवस दवाखान्यात तू बस, अन् दुपारचा डबा मी पाठवते.

तुझी शेजारची आजी