रेघ दिसली की बॉर्डर लिहू नकोस
अरे, मूट कोर्टमध्ये (लॉच्या पोरांचा लुटुपुटीचा खटला) पहिल्यांदाच उतरतोयस ना, मग एक ऐक, नकाशावरची प्रत्येक रेघ सीमा नसते. मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्र जागून ग्रीन लाइनला (इस्रायलभोवतीची १९४९ ची युद्धबंदी रेषा) बिनधास्त इंटरनॅशनल बॉर्डर लिहिलेलं, सरांनी लाल पेनाने पान रंगवलं. १९४९ चा इजिप्त-इस्रायल युद्धबंदी करार उघड, कलम ५ मध्ये सरळ म्हटलंय की ही रेषा राजकीय किंवा प्रादेशिक सीमा धरायची नाही. सीमा पक्की केली ती १९७९ च्या शांतता कराराने, पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा मँडेट, म्हणजे कारभार, होता त्या काळातली, आणि तरी ताबा नावाच्या गावाजवळ (नाव पण काय!) सीमेचे खांब नेमके कुठे यावर भांडण, शेवटी १९८८ ला लवादाने इजिप्तच्या बाजूने निकाल दिला.

कोरियात तर १९५३ पासून नुसती युद्धबंदीच, शांतता करार झालाच नाही.

आपल्या एलओसीचंही (काश्मीरमधली भारत-पाकिस्तान नियंत्रण रेषा) बघ, १९७२ च्या शिमला करारात ती पाळायची ठरलं, पण दोघांच्या मूळ भूमिकेला धक्का न लावता. आणि १९४९ च्या कराची करारात रेषा एनजे ९८४२ या नकाशावर आखलेल्या शेवटच्या बिंदूच्या पुढे फक्त उत्तरेला हिमनद्यांकडे एवढीच, म्हणून तर सियाचीनचा घोळ. गाइड ठेव बाजूला, मूळ करार प्रिंट काढून वाच, ‘धक्का न लावता’वालं वाक्य सापडलं की पेन्सिलने खूण कर, जज पहिला प्रश्न तिथेच टाकतात.